पोटाच्या पक्षाच्या साळवीबाई

साळवीबाई आमच्या कॉलेजात रुजू झाल्या त्या दिवशी प्राचार्यांनी त्यांची ओळख करून द्यायला सगळ्यांना स्टाफरूममध्ये बोलावलं होतं. चहा, बिस्किटं आणि कागदात गुंडाळलेला एक गुलाब. "डॉक्टर कुमुद साळवी," प्राचार्य म्हणाले, "हैदराबादच्या मोठ्या प्रयोगशाळेत आयुष्य काढून आता आपल्या रत्नागिरीत संशोधनासाठी परत आल्या आहेत." बाईंनी गुलाब घेतला, हुंगला, आणि सगळ्यांत जवळ मी उभी होते म्हणून माझ्याकडे वळल्या.

"तू रसायनशास्त्र शिकवतेस ना? काय नाव?"

"मंजिरी."

"मंजू, पोट साफ असतं का गं तुझं?"

स्टाफरूममध्ये बिस्किट मोडल्याचा आवाज आला असता, इतकी शांतता. तोंडी परीक्षेला बसल्यासारखं मी "हो" म्हणाले.

"रोज?"

"रोज."

"छान. म्हणजे मला एक निरोगी नमुना मिळाला. बाकीच्यांची तुलना तुझ्याशी करू."

त्या क्षणापासून मी त्यांच्या कामात ओढले गेले. प्राध्यापक म्हणून नव्हे, पोट म्हणून.

बाई बुटक्या, गोल, सुती साडीवर खेळाचे बूट घालणाऱ्या. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, ती कधीच हाताला लागायची नाही, मग दुसरी खोचली जायची. संध्याकाळपर्यंत डोक्यावर साळिंदर झालेलं असे. हसू पोटातून सुरू व्हायचं आणि विनोद तोंडातून यायच्या आधी पोहोचायचं, त्यामुळे पुष्कळदा विनोद काय होता ते शेवटपर्यंत कळायचंच नाही, आणि तरी आपण हसत असायचो. लांज्याच्या बाजूच्या एका खेड्यातल्या शेतकरी घरातल्या त्या. एरवी पुस्तकातलं मराठी बोलायच्या. खूश झाल्या की त्यांच्या तोंडात त्यांचं गाव यायचं. "काय बोलतंस काय" असं त्या म्हणाल्या की समजावं, प्रयोगात काहीतरी सापडलंय.

त्यांचा विषय मोठा अवघड, पण त्यांच्याकडून ऐकताना तो अवघड वाटायचा नाही. मेटाबोलिक प्रोफाइलिंग, म्हणजे काय, असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं, कारण मला येत होतं ते पुस्तकातलं होतं.

"लग्नाच्या मांडवात पंगत उठल्यावर गेलीयेस कधी?" त्यांनी विचारलं. "यजमान भेटायची गरज नाही, आचारी नको, पाहुणे नकोत. नुसत्या उष्ट्या पत्रावळी बघायच्या. काय वाढलं होतं, कोणी पोटभर खाल्लं, कोणी नुसती बोटं बुडवली, भाजी खारट झाली होती का, सगळं कळतं. आपल्या पोटात रोज पंगत बसते बघ. आपण जेवतो, मग आपल्या आतड्यातले कोट्यवधी जिवाणू जेवतात. ते उठून गेले की मागे बारीक बारीक रेणू उरतात. ते लघवीत येतात, शौचात येतात, रक्तात येतात. मी ते सगळे एकदम मोजते. मी पत्रावळी बघणारी बाई."

"आणि विष गेलं असेल तर?"

"तर पत्रावळीवर त्याचेही तुकडे असतात. शिवाय पंगत अर्धवट उठलेली दिसते. चांगले जिवाणू जेवायलाच आलेले नसतात."

एवढं सांगून त्या डबा उघडून जेवायला बसल्या. बाईंच्या तोंडी अशा वेळी अशा गोष्टी नेहमीच असत, आणि त्यांच्याबरोबर जेवणाऱ्यांची संख्या त्यामुळे फारशी वाढली नाही.

रत्नागिरीसारख्या गावात माणसाची कीर्ती कशी पसरते ते मी डोळ्यांनी पाहिलं. चारचौघांत बाईंचं नाव निघालं की मोठी माणसं नाक मुरडायची. आणि तीच माणसं एकेकटी, कॉलेज सुटल्यावर, आमच्या प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहायची. "सहज इकडून चाललो होतो," असं सुरू व्हायचं. मग हवापाणी, मग आंब्याचा मोहोर, मग आवाज खाली यायचा. बाई कोणालाच औषध द्यायच्या नाहीत. "मी डॉक्टर आहे, पण त्या जातीची नाही," म्हणायच्या. पण ऐकून मात्र सगळं घ्यायच्या, अगदी मन लावून, गाणं ऐकावं तसं. एकदा खुद्द प्राचार्य आले. दार लोटून घेतलं. अर्ध्या तासानं बाहेर पडले तेव्हा त्यांचा चेहरा गंगेत न्हाल्यासारखा झाला होता. त्यानंतर आमच्या प्रयोगशाळेला नवा फ्रीज मिळाला.

पण फ्रीजच्या आधीची गोष्ट सांगायला हवी, ती एसटीची.

पावसच्या पुढे, पूर्णगडाच्या वाटेवर एक वाडी आहे. तिथल्या लोकांची पोटं बिघडलेली होती. मुरडा, फुगणं, जुलाब, लहान मुलांचं वजन न वाढणं. सरकारी डॉक्टर येऊन गोळ्या देऊन गेले, विहिरीत औषध टाकलं, पाणी तपासलं, पाणी चांगलं निघालं, पोटं तशीच राहिली. वाडीच्या वरच्या अंगाला हापूसची मोठी बाग. बागेचे मालक अण्णा. दरवर्षी मोहोर आला की फवारणी सुरू. वाडीनं ठरवून टाकलं होतं की हे सगळं फवारणीचं विष. अण्णांनी ठरवून टाकलं होतं की वाडी आपल्यावर उठलीय. वाडीतल्या बाया बागेच्या कामाला जात, त्या अण्णांनी बंद केल्या. वाडीनं अण्णांची वाट बंद करायची भाषा सुरू केली. बाईंनी हे ऐकलं आणि लगेच तिकडे जायला निघाल्या.

नमुने घेऊन परत येताना माझी स्कूटर बंद पडली, म्हणून आम्ही एसटीत बसलो. नमुन्यांच्या बाटल्या बर्फात घालून मासे नेतात तसल्या पांढऱ्या पेटीत ठेवलेल्या होत्या. बाईंनी पेटी मांडीवर घेतली. पुढच्या बाकावरचा माणूस मागे वळला.

"काय बाई, पूर्णगडचा माल काय? सुरमय गावली?"

खोटं बोलणं बाईंच्या स्वभावातच नव्हतं. मी त्यांच्या पायावर पाय ठेवला, उपयोग झाला नाही.

"नाही हो. माणसांची शी आहे."

तो माणूस पुढे वळला. मग पुन्हा मागे वळला. मग त्यानं शेजाऱ्याच्या कानात काही सांगितलं, आणि ते एका बाकावरून दुसऱ्या बाकावर सरकत सरकत कंडक्टरपर्यंत गेलं. कंडक्टर हातात तिकिटाचं मशीन घेऊन आला. आता आम्हाला उतरवणार, असं मला वाटलं.

"पेटीचा लगेज लागेल," तो म्हणाला.

"लावा की."

"काय म्हणून लावू?"

बाई विचारात पडल्या. "अभ्यासाचं साहित्य," त्या म्हणाल्या. कंडक्टरनं त्यांच्याकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं, आणि रिकाम्या जागेवर बसला. "बाई," तो हळूच म्हणाला, "ह्यात कळतंय काय, माणसाला सकाळी दोनदा का जावा लागता ते? ड्युटीवर मोठी पंचाईत होते."

झालं. भाट्याचा पूल येईपर्यंत सगळी गाडी बाईंभोवती गोळा झाली होती. कोणाला भेंडी चालत नव्हती, कोणाच्या सासूला तीन दिवस काही होत नव्हतं, सुरमईवाल्या गृहस्थांना तर दूध वर्ज्य होतं आणि हे त्यांनी बायकोलाही सांगितलेलं नव्हतं. मी खिडकीबाहेर समुद्र बघत बसले होते. बाई मात्र जत्रेत आलेल्या मुलीसारख्या फुलल्या होत्या. स्टँडवर उतरताना कंडक्टरनं पेटी स्वतः खाली उतरवून दिली आणि हमालाला बजावलं, "सांभाळून रे. माणसांचा हाय."

वाडीत नमुने मिळवणं मात्र एवढं सोपं नव्हतं. पहिल्या दिवशी शाळेत सभा घेतली. बाईंनी सगळं समजावून सांगितलं आणि बाटल्या टेबलावर मांडल्या. कोणी हलेना. वाडीचे प्रमुख गंगारामतात्या खाकरले.

"बाई, तुमी शिकल्यासवरल्या. तुमाला आमी नाय कसा म्हणणार? पण असला कायतरी बाटलीत भरून, वर नाव लिवून देयाचा म्हंजे..."

"नाव नाही लिहायचं, तात्या. नंबर. कोणाचं काय निघालं ते माझ्या तोंडून तिसऱ्याला कळणार नाही. मंजूच्यासुद्धा नाही."

"तरीपण."

बाईंनी पिशवीतून एक भरलेली बाटली काढली आणि टेबलावर ठेवली. "ही माझी. आज सकाळची. मी तुमच्यात धरलेली आहे. आता कोण?"

तात्यांनी बाटलीकडे पाहिलं. मग बाईंकडे. "ह्या टेबलावर पोरां खिचडी खातात वो, बाई," ते कळवळून म्हणाले. बाईंनी घाईघाईनं बाटली उचलली, ती हातातून निसटली, तात्यांनी हवेत झेलली, आणि झेलल्यावर आपल्या हातात काय आहे ते त्यांच्या लक्षात आलं. सगळी शाळा हसली. तात्याही हसले. दुसऱ्या दिवशी बाटल्या कमी पडल्या. अण्णांच्या बंगल्यावर आणि त्यांच्या गड्यांकडे बाई स्वतः बाटल्या घेऊन गेल्या.

बाई मग वाडीत जात राहिल्या आणि दर खेपेला नवे नमुने घेत राहिल्या, स्वतःचासुद्धा. ज्या दिवशी मी मोकळी असेन त्या दिवशी मी, नाहीतर त्या एकट्या. त्यांचा मुक्काम ठरलेला, शेवंतीकाकूंचं घर. काकू वाडीतल्या सगळ्यांत जुन्या. तोंडानं फटकळ, हातानं सढळ. उन्हाळ्यात रातांबे, म्हणजे कोकमाची ताजी फळं फोडून, मीठ घालून त्यांचा रस काढायच्या. तो दाट, लालभडक आगळ वर्षभर टिकतो आणि त्याचीच सोलकढी होते. काकूंच्या आगळाची सर कोणालाच येत नसे. त्या तो विकत नव्हत्या. ज्याच्यावर जीव असेल त्याच्या घरी बाटली जायची, आणि ज्याच्याशी भांडण त्याच्या घरी नाही. म्हणजे कोणाचं काकूंशी कसं चाललंय ते त्याच्या ताटावरून कळे.

"काय गो बाय, दमलीस?" बाई दारात दिसल्या की काकू म्हणायच्या. साठीला आलेल्या, परदेशात व्याख्यानं देऊन आलेल्या बाई त्या एका "बाय"नं विरघळायच्या. "बस. कढी पी." बाई एक पेला प्यायच्या, दुसरा प्यायच्या, तिसरा मागून घ्यायच्या. निघताना एक बाटली पिशवीत.

"तुम्ही नाही घेत, काकू?" मी एकदा विचारलं.

"जल्म गेला माझा रातांबे फोडून. आता वासानंच पोट भरता. मी आपली ताक पितंय."

नमुने पुण्याला एका प्रयोगशाळेत जायचे. तिथे बाईंची जुनी विद्यार्थिनी मोठ्या यंत्रावर ते चालवायची. निकाल आले तो दिवस मला नीट आठवतो, कारण त्या दिवशी बाईंनी मला वर्गातून बोलावून घेतलं. प्रयोगशाळेच्या फरशीवर त्यांनी वाडीचा हातानं काढलेला नकाशा पसरला होता आणि त्यावर त्या ओणव्या झाल्या होत्या. ज्या घरांतल्या नमुन्यांत फवारणीच्या औषधाचे तुकडे सापडले तिथे लाल टिकली. ज्यांच्यात नाही, तिथे हिरवी. लाल घरांत आणखी एक गोष्ट सारखी होती. आतड्याच्या अस्तराला पोसणारं जे आम्ल चांगले जिवाणू तयार करतात, ते त्या घरांत फार कमी झालेलं होतं. पंगत अर्धवट उठलेली.

"बघ," बाई म्हणाल्या. "काय दिसतंय?"

मला वाटलं होतं, लाल टिकल्या बागेच्या कडेनं असतील. तशा त्या नव्हत्या. बागेला अगदी खेटून सुनंदावहिनींचं घर, ते हिरवंगार. ओढ्याच्या पलीकडे, बागेपासून सगळ्यांत लांबचं तात्यांचं घर, ते लाल. शेवंतीकाकू हिरव्या. आणि अण्णांचा बंगला, स्वतः बागमालकाचा, लालभडक.

"आणि ही सगळ्यांत मोठी लाल टिकली कोणाची?" मी विचारलं. ती नकाशाच्या बाहेर, फरशीवर चिकटवलेली होती.

"माझी," बाई म्हणाल्या, आणि त्यांचं पोट हलायला लागलं. "काय बोलतंस काय मंजू, माझ्यात सापडलंय. सगळ्यांपेक्षा जास्त." त्या फरशीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या. मी घाबरले होते. आपल्या पोटात विष सापडल्यावर इतका आनंद झालेला माणूस मी आधी पाहिला नव्हता. "अगं, मी बागेच्या वाऱ्याला राहत नाही. मी वाडीच्या विहिरीचं पाणी रोज पीत नाही. म्हणजे वारा सुटला, पाणी सुटलं. हे आम्ही खातोय कुठेतरी. मी, तात्या आणि अण्णा, आम्ही तिघं एकच काहीतरी खातोय."

मग त्यांचं हसू हळूहळू थांबलं. त्यांनी तात्यांच्या घरावरच्या टिकलीवर बोट ठेवलं. तिथे दोन नातवंडं होती. "पोरं आहेत गं ह्यात," त्या म्हणाल्या, आणि बूट घालायला लागल्या.

त्यांना आधीपासून एक गोष्ट खटकत होती, ती त्यांनी मला स्कूटरवर सांगितली. फवारणी उन्हाळ्यात संपते. मग श्रावणात मुलांची पोटं का दुखत होती?

वाडीत आम्ही आधी सुनंदावहिनींकडे गेलो, कारण सगळ्यांचं बिघडलं तर हिचं का नाही, हे बाईंना हवं होतं. काय खाता, काय पिता, कुठून आणता, असं बाई विचारत गेल्या. तांदूळ सगळ्यांचा तोच. मासे त्याच कोळणीचे. वहिनी कंटाळल्या.

"आमचा आपला साधा असता वो, बाई. कोणाच्या दारातला आमी काय घेत नाय. त्या घरातला तर पाणीपण नको."

"कुठल्या घरातलं?"

वहिनींनी हनुवटीनं शेवंतीकाकूंच्या घराकडे दाखवलं. फणसाच्या एका फांदीवरून दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं. फांदी वहिनींच्या कौलांवर आली होती, ती त्यांनी न विचारता तोडली, त्यावर बाळफणस होते.

बाई एकदम उठल्या. वहिनींना काही कळेना. बाई अंगणात जाऊन उभ्या राहिल्या आणि बोटांवर माणसं मोजायला लागल्या. तात्या, काकूंचा मानलेला पुतण्या. अण्णांची बायको, काकूंची माहेरची मैत्रीण; नवऱ्याचं वाडीशी वाजलं तरी तिची बाटली बंद झाली नव्हती. ज्यांचं ज्यांचं काकूंशी गूळपीठ, ते सगळे लाल. ज्यांचं ज्यांचं काकूंशी भांडण, त्यांची पोटं ठणठणीत.

"चल," बाई मला म्हणाल्या. आता त्या हसत नव्हत्या.

काकूंच्या माजघरात आगळ कशात ठेवलाय ते पाहायला फार वेळ लागला नाही. पांढरेशुभ्र प्लास्टिकचे कॅन ओळीनं लावलेले. फवारणीच्या औषधाचे. बागेतले गडी रिकामे झालेले कॅन वाडीत देऊन टाकायचे आणि लोक आनंदानं घ्यायचे, कारण झाकण घट्ट बसतं, मुंगी शिरत नाही. इतरांनी त्यात रॉकेल ठेवलं, बियाणं ठेवलं. काकूंनी त्यात आगळ ठेवला होता, आंबट, खारट, महिनोन्महिने.

"मी राखेनं धुतले. मंग साबणानं. मंग उन्हात ठेवले," काकू म्हणाल्या. बाई काय सांगताहेत ते त्यांना अर्धं समजलं होतं. "लेबलपण काढून टाकला."

"काकू, ते औषध प्लास्टिकच्या अंगात मुरतं. धुऊन जात नाही. आंबट रस त्याला हळूहळू बाहेर ओढतो. अजून मी तपासून घेणार आहे, पण शंका आहे तोवर हा आगळ पोरांच्या पोटात जाता कामा नये."

काकू खाली बसल्या. "म्हंजे ज्यांच्यावर माझी माया," त्या म्हणाल्या, "त्यांनाच मी..."

बाई त्यांच्या शेजारी फरशीवर बसल्या. "काकू, सगळ्यांपेक्षा जास्त माझ्यात निघालंय."

काकूंनी मान वर केली. बाईंकडे नीट निरखून पाहिलं. "तू लय प्यायचीस," त्या म्हणाल्या.

आणि दोघीही हसायला लागल्या. हसता हसता काकू रडल्या, मग बाई रडल्या, मग पुन्हा हसल्या. मी दारात उभी होते. कुठल्या वेळी काय करायचं ते मला समजेना, म्हणून मी कॅन उचलून बाहेर नेऊन ठेवले.

निघताना काकूंनी बाईंचा हात धरला. "मी सोता पीत नाय. लोकां म्हणतील, बघा, आपण ताक प्याली नि आमाला वीख पाजलंन."

"माझ्या तोंडून तुमचं नाव निघणार नाही," बाई म्हणाल्या.

पुण्याहून उत्तर आलं. आगळात तेच औषध होतं, बाईंच्या पोटात होतं तेच. बाईंनी देवळाच्या मांडवात सभा बोलावली. एका बाजूला वाडी, एका बाजूला अण्णा आणि त्यांची माणसं. मधे सतरंजीची एक रिकामी पट्टी, जणू तिथे ओढाच वाहत होता. दोन्हीकडच्यांना खात्री होती की बाई आपल्या बाजूनं बोलणार. तात्यांनी आधीच विचारून ठेवलं होतं, अण्णांनी फोन केला होता. दोघांनाही बाईंनी एकच उत्तर दिलं होतं: "मी पोटाच्या पक्षाची."

"सगळ्यांत खराब पोट माझं आहे," बाईंनी सुरुवात केली. मांडवात हशा पिकला. मग त्यांनी पंगतीची गोष्ट सांगितली, पत्रावळींची सांगितली, आणि फवारणीच्या कॅनमध्ये साठवलेला एक पदार्थ पुष्कळांच्या पोटात गेला, तिथून हे आलं, असं सांगितलं.

अण्णांनी मोठा श्वास सोडला. "म्हणजे आमच्या फवारणीचा संबंध नाही. लिहून द्या, बाई."

"अण्णा, फवारणाऱ्या तुमच्या गड्यांच्या नमुन्यांतही हेच आहे. त्यांना तोंडाला फडकं बांधून भागणार नाही, नीट मुखवटे द्या. आणि ते कॅन कुठून आले? तुमच्या नातीच्या पोटात पण तेच आहे, हे तुम्हाला घरी सांगितलं, इथेही सांगायला तुम्ही परवानगी दिलीत म्हणून सांगते."

अण्णा खाली बसले. पण आता तात्या उठले होते. "कोणाच्या घरातला पदार्थ, बाई?"

"ते मी सांगणार नाही."

"आमची नातवंडां झिजली. आमाला कळायला नको?"

"धोका होता तो काढलाय. नाव सांगणार नाही."

कुजबूज वाढत गेली. एकमेकांकडे संशयानं पाहणं सुरू झालं. मला भीती वाटली की आता बाग राहील बाजूला आणि वाडीच वाडीशी भांडेल. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून काकू उठल्या. पदर सारखा केला.

"माझ्या घरातला," त्या म्हणाल्या. "माझा आगळ. काय बोलायचा ता माज्या तोंडावर बोला."

सगळ्या माना तात्यांकडे वळल्या. त्यांच्या घरी सगळ्यांत जास्त बाटल्या यायच्या, आणि त्या त्यांनीच मागून घेतलेल्या असायच्या. ते एवढंच म्हणाले, "काकू, मी मागायचो म्हणून तू देयाचीस," आणि खाली बसले.

मग ज्यांच्या घरात त्या आगळाचा थेंब गेला नव्हता त्या सुनंदावहिनी उठल्या. सगळ्यांना वाटलं, आता ही साधून घेणार.

"आमच्या माळ्यावर सासूच्या चिनीमातीच्या बरण्या पडल्यात," त्या म्हणाल्या. "मोठ्या हायत. उद्या कोणीतरी येऊन घेऊन जावा. आगळ त्यात घाला."

काकू त्यांच्याकडे वळल्या. "नि फांदीचा काय?"

"फांदीचा मंग बघू."

बाईंच्या पोटातून हसू निघालं ते त्यांना आवरेना. तोंडाला पदर लावून त्या मांडवाच्या खांबाआड गेल्या, आणि त्यांचा गदागदा हलणारा खांदा सगळ्यांना दिसत होता. आधी बायका हसल्या, मग पुरुष. अण्णा सगळ्यांच्या शेवटी हसले, पण हसले.

अण्णांनी त्यानंतर एक गोष्ट मनापासून केली. रिकामा झालेला प्रत्येक कॅन आपल्यासमोर भोकं पाडून परत पाठवायला लावला. बायका बागेच्या कामावर परत गेल्या. पुढच्या उन्हाळ्यात आगळ बरण्यांत भरला गेला, आणि पाऊस सरल्यावर बाईंनी पुन्हा बाटल्या वाटल्या. ह्या वेळी कोणी लाजलं नाही. उलट आपली आधी घ्या म्हणून दारात गर्दी झाली. निकाल आला तो चांगला आला. सगळ्यांचा नव्हे, दोन-तीन घरांत अजून रेंगाळत होतं, पण पंगत पुन्हा बसायला लागली होती. बाईंनी त्यांचा स्वतःचा आलेख काकूंना नेऊन दाखवला. चांगल्या आम्लाची वर गेलेली एक रेघ. काकूंनी तो कागद उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला आणि विचारलं, "ह्यातला तुजा पोट खंयचा?" बाईंनी बोट ठेवलं. "बरा दिसता," काकू म्हणाल्या आणि तो भिंतीवर देवांच्या तसबिरींच्या ओळीत चिकटवून टाकला. माझ्या माहितीप्रमाणे एखाद्या शास्त्रज्ञाला मिळालेला एवढा मोठा मान दुसरा नाही.

कॉलेजातलं काम संपल्यावर बाई मंडणगडकडे धाकट्या बहिणीच्या गावी राहायला गेल्या. मधल्या काळात फोन यायचे. त्यात ख्यालीखुशाली थोडी आणि जिवाणू फार. गेल्या दिवाळीत मी जाऊन आले. घरी पोचले तर बहीण म्हणाली, "ती नदीवर गेलीय. जा तू, ह्या पायवाटेनं."

मी उतरत गेले. करवंदीच्या जाळ्यांमधून वाट खाली जात होती. खाली नदीचा एक डोह, हिरवा, संथ, वर ऊन पडलेलं. काठावर शाळकरी मुली ओल्या केसांनी बसल्या होत्या आणि डोहाच्या मध्यावर साळवीबाई उताण्या तरंगत होत्या. पाठीला सुका भोपळा बांधलेला, साडीऐवजी कुठलासा झगा, आणि पाण्याच्या वर दिसत होता तो फक्त चेहरा आणि पोट. ह्या वयात त्या पोहायला शिकत होत्या. मुली त्यांना शिकवत होत्या. "बाई, हात मार," एक ओरडून सांगत होती. "हात मारलेस तर पुढे जाशील, बुडत नाय तू." बाई हात मारत होत्या आणि गोल गोल फिरत होत्या.

माझी सावली काठावर पडली तशी त्यांनी मान वळवली. तेवढ्यात नाकातोंडात पाणी गेलं, ठसका लागला, आणि ठसक्यातूनच हसू सुरू झालं, त्यामुळे त्यांचं पोट पाण्यावर होडीसारखं डुलायला लागलं आणि लाटा काठापर्यंत आल्या.

"काय बोलतंस काय, मंजू," त्या म्हणाल्या. "उभी काय राहिलीस? उतर पाण्यात."

"मला पोहता येत नाही, बाई."

"मला तरी कुठे येतंय?" त्यांनी एक हात मारला आणि पुन्हा गोल फिरल्या. "ये गं. पाणी तपासून घेतलंय मी."

मी चपला काढल्या.